केसपेपरवरची विडी

प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर छातीरोगात एम.डी. करताहेत, दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "ओपीडीत रोज साठ-सत्तर पेशंट, त्यातले निम्मे विडी-सिगारेटवाले. 'सोडा, सोडा' म्हणून घसा बसतो. सिगारेटवर कर किती, टपरी कुठे असावी, पाकिटावर चित्र केवढं हे सगळं सरकार ठरवतं. त्यात डॉक्टरांचा खरंच काही हात असतो का? की ते वकिलांचं आणि संस्थावाल्यांचं काम? आमचे सर म्हणतात, आपण बरे, आपला स्टेथोस्कोप बरा."

तुमच्या सरांचा सल्ला मीसुद्धा पंधराएक वर्षं इमानदारीत पाळला, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. मी सोलापुरात तीस वर्षांहून जास्त काळ छातीचे आजार बघतोय. रेसिडेन्सीत असताना स्वतः ओढायचो. ड्यूटी रूममध्ये आमचे एक सर एक्स-रे उजेडाला धरून फुफ्फुसातली गाठ दाखवायचे, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात सिगारेट असायची. त्यात कुणाला काही विचित्र वाटायचं नाही. मलाही नाही.

तर उत्तर: हात असतो, आणि चांगला मोठा असतो. फक्त आपल्याला वाटतं त्या जागी तो नसतो. आपला समज असा की, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की सरकार कायदा करतं. तंबाखूच्या बाबतीत तसं कुठेच झालेलं नाही. सिद्ध होणं आणि नियम होणं यांच्या मधे दहा, वीस, पन्नास वर्षांचं एक ओसाड रान असतं. त्या रानातून कागद काखेत मारून चालणारं कुणी असलं तर वाट लवकर सरते. ते चालणारे बऱ्याचदा डॉक्टर होते. आणि वाट अडवून बसलेल्यांतही डॉक्टर होते, हेही सांगायला हवं.

इंग्लंडची गोष्ट तुम्ही 'डॉल आणि हिल' एवढ्या दोन शब्दांत वाचली असेल. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण खरी मजा त्याच्या पुढे आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास छापला. डॉल यांचा स्वतःचा संशय होता रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर. हाती लागली सिगारेट. अभ्यास चालू असतानाच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं एव्हार्ट्स ग्रॅहम यांच्यासोबत असाच निष्कर्ष छापला. ग्रॅहम म्हणजे १९३३ मध्ये कर्करोगासाठी अख्खं फुफ्फुस काढून रुग्ण वाचवणारे सर्जन. भरपूर ओढणारे. पोरानं कल्पना मांडली तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. आकडे बघितल्यावर बसला, सिगारेटही सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्याच कर्करोगानं गेले.

डॉल-हिल यांनी पुढे जे केलं ते मला फार आवडतं. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या नोंदणीकृत डॉक्टरांना पत्रं पाठवली: तुम्ही ओढता का, किती, केव्हापासून. चाळीस हजारांहून जास्त डॉक्टरांनी उत्तरं दिली. डॉक्टरच का निवडले? कारण त्यांची नावं रजिस्टरात असतात, कोण कधी आणि कशानं गेला ते शोधता येतं. पण याचा एक आडफायदा झाला. मरत होते ते डॉक्टरांचेच सहकारी. दुसऱ्याच्या आकडेवारीवर शंका काढणं सोपं, आपल्याच बॅचमधल्या माणसाच्या मृत्यूवर काय शंका काढणार? त्या देशातले डॉक्टर इतर लोकांच्या आधी सिगारेट सोडायला लागले, आणि धोरणाच्या दृष्टीनं ही मोठी घटना होती. ओठांत सिगारेट धरून 'सिगारेट वाईट' म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

ऐकत नाही म्हणजे किती? १२ फेब्रुवारी १९५४ ला ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषद घेऊन धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मान्य केला. त्या परिषदेत ते एकामागून एक सिगारेटी ओढत होते. सरकारच्या तिजोरीत तंबाखूच्या कराचा वाटा इतका मोठा होता की 'संबंध दिसतो' यापुढे कुणाला जायचं नव्हतं. पुरावा होता, मंत्र्यांनी तोंडानं कबूलही केला होता, आणि तरी आठ वर्षं काही हललं नाही.

हललं ते तीन डॉक्टरांमुळे. चार्ल्स फ्लेचर हे छातीरोगतज्ज्ञ, टीव्हीवर दिसणारे, लोकांना माहीत असलेले. जॉर्ज गॉडबर हे आरोग्य खात्यातले दोन नंबरचे डॉक्टर, म्हणजे सरकारच्या आत बसलेले. आणि रॉबर्ट प्लॅट, १९५७ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या मानाच्या संस्थेचे अध्यक्ष झालेले. त्यांच्या आधीच्या अध्यक्षांपुढे हाच विषय आला होता आणि त्यांनी तो नाकारला होता. तुमच्या सरांसारखंच त्यांचं मत: हे कॉलेजचं काम नाही. प्लॅट यांनी होकार दिला, समिती बसली, आणि ७ मार्च १९६२ ला 'स्मोकिंग अँड हेल्थ' नावाचा छोटासा अहवाल बाहेर आला. त्यात नवं संशोधन फारसं नव्हतं. नवी होती ती भाषा आणि मागण्यांची यादी. सामान्य माणसाला कळेल असं इंग्रजी, आणि शेवटी सरकारनं काय करावं ते स्पष्ट: जाहिरातींवर बंधनं घाला, कर वाढवा, मुलांना विक्री रोखा, सार्वजनिक जागी ओढण्यावर मर्यादा आणा.

आज हे वाचून 'यात काय मोठंसं' असं वाटेल. पण ओपीडीतला सल्ला आणि सरकारला दिलेली यादी यातला फरक त्या कॉलेजनं पहिल्यांदा नीट ओळखला. 'ओढू नका' हे रुग्णाला सांगायचं. 'जाहिरात बंद करा' हे रुग्णाला सांगून उपयोग नाही. १९६५ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवरून सिगारेटच्या जाहिराती गेल्या. १९७१ मध्ये त्याच कॉलेजनं 'ॲश' ही कायम पाठपुरावा करणारी संस्था उभी केली. इंग्लंडात बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान थांबायला मात्र १ जुलै २००७ उजाडला. १९६२ च्या यादीतली ती एक ओळ कायद्यात यायला पंचेचाळीस वर्षं लागली. मी तुम्हाला हे घाबरवायला सांगत नाही. कुणीतरी पंचेचाळीस वर्षं ती ओळ खाली पडू दिली नाही, एवढंच सांगतोय.

आता दुसरी बाजू. १९४०च्या दशकात अमेरिकेत 'जास्तीत जास्त डॉक्टर कॅमल ओढतात' अशी जाहिरात चालायची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापल्या जात. जानेवारी १९६४ मध्ये तिथल्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या प्रमुख डॉक्टरचा, ल्यूथर टेरी यांचा धूम्रपानावरचा अहवाल आला. त्याच सुमाराला या असोसिएशननं संशोधनासाठी म्हणून तंबाखू कंपन्यांकडून एक कोटी डॉलर घेतले, आणि पाकिटावर इशारा छापायची सक्ती नको असंही कळवलं. त्यामुळे 'डॉक्टरी पेशानं तंबाखूविरुद्ध लढा दिला' असं कुणी सरसकट म्हणालं की मला हसू येतं. लढले ते मूठभर. बाकीचा पेशा आधी गप्प होता, मग सोयीनं मागून आला. मीही त्या मागून आलेल्यांतलाच.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे, आणि ती उलट्या टोकापासून सांगतो. मार्च २०१५. पाकिटावरचा चित्राचा इशारा ८५ टक्के जागा व्यापणार, असा नियम निघाला होता. तो काढणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन हे स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन. १ एप्रिलपासून अंमल व्हायचा होता. तेवढ्यात संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष, आपल्या नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की, तंबाखूनं कर्करोग होतो असं सांगणारे अभ्यास सगळे परदेशातले आहेत, भारतातला एकही नाही. समितीत एक सदस्य असे होते ज्यांचा स्वतःचा विडीचा कारखाना होता. नियम लांबणीवर पडला. तंबाखूविरोधी जाहिरातीत दिसलेल्या सुनीता तोमर यांनी त्याच दिवसांत पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिलला त्या तोंडाच्या कर्करोगानं गेल्या. त्याआधी दीडच महिना आर. आर. आबा गेले होते, त्याच आजारानं. पुढे खूप आरडाओरडा झाला आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के चित्र आलं.

'भारतातला अभ्यास नाही.' हे वाक्य मी तेव्हा पेपरात वाचलं आणि संताप आला. मग जरा वेळानं लाज वाटली. कारण अभ्यास होते. १९५५ मध्ये मुंबईच्या संघवी, राव आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणं आणि तोंड-घसा-अन्ननलिकेचा कर्करोग यांवरचा शोधनिबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला होता. रॉयल कॉलेजच्या अहवालाच्या सात वर्षं आधी! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली, त्याचा निबंध १९७२ चा. १९६३ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झालं. आमच्या जिल्ह्यात, बार्शीत, १९८७ पासून ग्रामीण नोंदणी चालू आहे. नव्वदच्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटानं मुंबईच्या मतदारयाद्या घेऊन पस्तिशीपुढच्या जवळपास दीड लाख माणसांची माहिती घेतली, आणि काही वर्षांनी पुन्हा दार ठोठावून कोण हयात आहे ते पाहिलं. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण १.३७ पट, विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट. विडी जास्त! २००३ मध्ये तमिळनाडूतल्या ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंच्या अभ्यासातून दिसलं की टीबीनं होणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी निम्म्यांच्या मागे धूम्रपान आहे. त्या अभ्यासात डॉ. गजलक्ष्मींसोबत रिचर्ड पेटो होते, डॉल यांचे शिष्य.

एवढं सगळं कपाटात होतं. नगरच्या खासदारांच्या टेबलावर त्यातलं एकही पान पोचलं नव्हतं, किंवा पोचलं असलं तरी ते बाजूला सारणं त्यांना अवघड गेलं नाही. यात चूक कुणाची? मतदारसंघातल्या किती छातीरोगतज्ज्ञांनी, दंतवैद्यांनी, कर्करोगतज्ज्ञांनी आपल्या खासदाराला कधी एक पानाचं पत्र लिहिलं होतं? मी माझ्या खासदाराला तोवर एकही लिहिलेलं नव्हतं.

कागद पोचवणारे आपल्याकडेही होते. गोव्याचे कर्करोग सर्जन डॉ. शरद वैद्य यांचं नाव तुमच्या पिढीला माहीत असायला हवं. नव्वदच्या दशकात भारतीय क्रिकेटपटूंच्या शर्टावर 'विल्स' हे सिगारेटचं नाव लिहिलेलं असायचं, आठवत असेल किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. डॉ. वैद्यांनी नुसती तक्रार केली नाही. ते गोव्यातल्या शाळांत गेले, मुलांना विचारलं, आणि क्रिकेटचं हे प्रायोजकत्व मुलांना सिगारेटकडे कसं ओढतं ते १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आणलं. चांगला खेळाडू ओढतो असा समज पोरांच्या डोक्यात बसत होता. १९९७ मध्ये गोव्यानं धूम्रपान आणि थुंकण्याला बंदी करणारा कायदा केला, केंद्राच्या तंबाखूविरोधी कायद्याच्या सहा वर्षं आधी, आणि त्यामागे वैद्यांचा पाठपुरावा होता. २००१ मध्ये शर्टावरचं ते नाव गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. २००३ चा केंद्रीय कायदा, मग २ ऑक्टोबर २००८ चे सार्वजनिक जागांचे नियम, तेव्हा आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास, तेही एमबीबीएस. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली: आपले रुग्णच मंत्र्यांसमोर नेऊन उभे केले. जबडा काढलेला पंचविशीतला माणूस समोर बसला की फाईल वाचायची गरज उरत नाही. थिएटरात तंबाखूविरोधी जाहिरातीत दिसायचा तो मुकेश हराणे भुसावळचा. चोविसाव्या वर्षी गेला. लोक त्या जाहिरातीची टिंगल करतात, करू देत. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना त्याचं नाव पाठ होतं.

हे झालं गौरवाचं. आता माझ्या गावाचं.

सोलापुरात विडी ओढणारे आहेतच, पण विडी वळणाऱ्या त्याहून जास्त. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, एका हाताच्या बोटांत दोरा. दिवसाला हजार विड्या वळायच्या. माझ्याकडे एक जोडपं यायचं. तो बावन्न वर्षांचा, धाप लागलेली, रोज दोन बंडलं. ती त्याला हाताला धरून आणायची, स्वतः खोकत. स्पायरोमेट्रीला, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायच्या चाचणीला, त्याला 'जोरात फुंका, फुंका, फुंका' म्हणून ओरडलो तर सहा सेकंदांचं फुंकणं दोन सेकंदांत संपायचं आणि तो नळीतून तोंड काढून हसायचा, हरलेल्या मुलासारखा. एकदा मी तिला रागानं म्हणालो, "तुम्ही वळता आणि हे ओढतात. घरातच कारखाना." ती शांतपणे म्हणाली, "वळते की ओ साहेब. नाही वळली तर तुमच्या फीला पैसं कुठनं आणू?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही.

आणि इथे माझी एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांच्या एका गटानं तंबाखूवरचा कर वाढवा म्हणून निवेदन तयार केलं. मसुद्यात एक वाक्य होतं: विडीवरही सिगारेटच्या बरोबरीनं कर हवा. ते वाक्य मी काढायला लावलं. म्हटलं, गावात वाद नको, मोर्चा येईल, बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य गेलं. निवेदनात उरली फक्त सिगारेट, जी माझ्या ओपीडीतले चारातले तीन जण ओढतच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर २८ वरून १८ टक्के करायचं ठरवलं, तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५. सिगारेट ४० टक्क्यांच्या खान्यात. ज्या धुरानं मृत्यूचं प्रमाण जास्त वाढतं असं आपल्याच मुंबईच्या अभ्यासानं दाखवलं, तोच धूर स्वस्त. माझ्या एका वाक्यानं जीएसटी परिषद बदलली नसती हे कळतं मला. पण अशी वाक्यं किती गावांत किती डॉक्टरांनी खोडली असतील?

तंबाखूच्या धोरणात कर हे सगळ्यात परिणामकारक हत्यार आहे आणि डॉक्टर सगळ्यात कमी बोलतात ते त्याच्यावर. किंमत दहा टक्के वाढली की आपल्यासारख्या देशांत खप साधारण पाच टक्के घटतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे. मी तीस वर्षांत जेवढ्यांची विडी सोडवली असेन, त्याहून जास्त माणसं एका अर्थसंकल्पाच्या ओळीनं सुटतील. आणि त्या बाईचं काय? जागतिक तंबाखू नियंत्रण करारात, ज्यावर भारतानं २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं, कलम १७ आहे: तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी रोजगार द्या. डॉक्टरांच्या निवेदनात कर आणि कलम १७ एकाच पानावर हवेत. एक मागून दुसरं विसरलं तर आपण त्या बाईच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. वळण्याचं काम करताना तिच्या छातीत जाणारी तंबाखूची धूळ हासुद्धा आपल्याच शाखेचा विषय आहे, तेवढं लक्षात असू द्या.

कायदा झाला की काम संपत नाही, याचा एक नमुना. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही असा नियम. जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण समितीवर मला घेतलं होतं. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेची तक्रार आली म्हणून एक हवालदार, आरोग्य खात्यातला एक मुलगा आणि मी, तिघं टेप घेऊन गेलो. टपरीवाला हुशार. म्हणाला, "फाटकापासून रस्त्यानं मोजा, वळणावरनं." तसं मोजलं तर टपरी नियमात बसत होती, थोडक्यात का होईना. हवालदारही म्हणाला, राहू द्या डॉक्टर. मी नियमांची झेरॉक्स बरोबर नेली होती. त्यात लिहिलंय की अंतर मोजायचं ते शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून आणि सरळ रेषेत, वर्तुळाच्या त्रिज्येसारखं. रस्त्यानं नाही. मग भिंतीला टेप लावून मोकळ्या प्लॉटमधून, बाभळी चुकवत मोजलं. टपरी चांगलीच आत आली. दंड झाला, टपरी हलली.

कुठे हलली? पुढच्या कोपऱ्यावर. नियमाबाहेर. मोठी पोरं तिथे जातात, मला माहीत आहे. पण सातवीतली चालत एवढं लांब जात नाहीत, आणि २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी आहे, म्हणजे पोरांना अख्खं पाकीट घ्यावं लागतं, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात टपरीवर सुटी मिळते. लायटरही दोरीला बांधलेला असतो. तरी त्या दिवशी मला एक कळलं. नियमात 'त्रिज्या' हा शब्द कुणीतरी विचार करून घातला होता. तो नसता तर आम्ही हात हलवत परतलो असतो. नियमांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात तेव्हा कंपन्यांचे वकील एकेक शब्द वाचतात. आपण वाचत नाही.

डॉक्टरांत एकमत नसतं, तेव्हा काय? ई-सिगारेट बघा. रॉयल कॉलेजनंच २०१६ मध्ये म्हटलं की ओढणाऱ्यांनी सिगारेट सोडून तिकडे वळावं, नुकसान बरंच कमी. २०१९ मध्ये आपल्या आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, उलट सांगितलं, पूर्ण बंदी करा, आणि बंदी झाली. मी बंदीच्या बाजूचा आहे, कारण आपल्याकडे कॉलेजच्या फाटकावर ती कुणाच्या हातात जाईल ते मला दिसतं. पण इंग्लंडातले सहकारी मूर्ख आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचे रुग्ण वेगळे, दुकानं वेगळी, नियम पाळायची सवय वेगळी. दुसऱ्या देशाचं धोरण उचलून आणणाऱ्या डॉक्टरपासून सावध राहा, मग तो कितीही मोठ्या कॉलेजचा असो.

आता तुमच्यापुरतं, कारण तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुम्हाला झोपायलाही वेळ नसेल हे मला माहीत आहे.

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४. म्हणजे तुमच्या 'निम्मे विडीवाले' ओपीडीच्या बाहेर मिश्री, मावा, खर्रा, चुना-तंबाखू पसरलेला आहे. तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, मला टोचणारा: डॉक्टरकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांना 'सोडा' असं सांगितलं गेलं होतं, आणि खाणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकांना. घसा सगळ्यांचाच बसत नाही, एवढं यातून दिसतं.

सांगताना नुसतं 'सोडा' नको, डॉल यांचे आकडे द्या. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला: आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो, साठीत सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळपास सगळी. सोलापूरच्या हमालालाही हा व्यवहार लगेच कळतो.

आणि लिहा. केसपेपरवर 'स्मोकर' असा शिक्का मारून भागत नाही. विडी की सिगारेट, रोज किती, किती वर्षं, सोडली असेल तर केव्हा. बार्शीच्या नोंदणीवाल्यांनी असो की मुंबईच्या अभ्यासकांनी, शेवटी कुणाच्या तरी अक्षरातूनच आकडा उचलला. तुमचं अक्षर असेल तर आकडा होईल, आकडा असेल तर कुणी खासदार 'भारतातला अभ्यास दाखवा' म्हणाला की दाखवता येईल.

मृत्यूची नोंद करायचा फॉर्म नंबर दोन तुम्ही भरला असेल, किंवा भरून घेतला असेल. त्याच्या सांख्यिकी भागात एक रकाना आहे: मयत व्यक्तीला धूम्रपानाची सवय असल्यास किती वर्षं. खाली तंबाखू चघळण्याचा वेगळा रकाना, त्याच्याखाली सुपारीचा. प्रत्येक मृत्यूची ही माहिती देशभर जमावी म्हणून कुणीतरी भांडून ते रकाने घालून घेतले असणार. आणि वॉर्डात रात्री तिथे काय भरतात? आडवी रेघ.

मागच्या हिवाळ्यात पहाटे तीनला एक पेशंट गेला. इंटर्ननं फॉर्म पुढे केला, त्या रकान्यात रेघ ओढलेली. मी त्याला म्हटलं, बाहेर मुलगा बसलाय, विचारून ये. तो बिचारा अवघडला, आत्ता हे कसं विचारू म्हणाला. मग मीच गेलो. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, शर्टाची बाही डोळ्यांना लावून. विचारलं, "बाबा किती वर्षं ओढत होते?" त्यानं जरा वेळ आठवलं. म्हणाला, "मला कळायला लागल्यापासनं ओढतच होते की ओ."

मुलाचं वय विचारलं. चौतीस. आम्ही रेघ खोडली आणि रकान्यात ३० लिहिलं.